भिंतीबाहेरची रेंज

"पाच," सुकरीबाई तलावाच्या पाळीवरून ओरडली. "अजून येक पाच. आता शून्य."

घरात रिनानं तिन्ही आकडे संगणकात टाकले आणि पुढच्या आकड्यासाठी खिडकीकडे कान दिला. रिना माझी बायको. तिच्या समोरच्या खुर्चीत नीलाबाई बसली होती, निराधार पेन्शनची केवायसी करायला. मी अंगणात जिप्सीखाली पडून जुनं ऑइल काढत होतो. पुढचा आकडा काही आला नाही.

"काय बाप्पा, हे बाई झोपली का तिथी?" नीलाबाई म्हणाली.

मी जिप्सीखालून डोकं बाहेर काढलं ते शेळ्यांमुळे. सुकरीबाईच्या शेळ्या पाळ उतरून गावात शिरत होत्या, एकीला एक चिकटून, आणि त्यातली एकही ओरडत नव्हती. मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवता चालवता माझे केस पिकायला आलेत. पर्यटकांना वाघ दाखवणं हा माझा धंदा. शेळी कधी गप्प होते ते मला कोणी शिकवायची गरज नाही. हातात पाना होता तो तसाच घेऊन मी धावलो.

आमची सोनबोडी जंगलाच्या अगदी काठाला आहे. गावात टॉवर नाही. रिना आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सरकारी कामांचं केंद्र चालवते, तिच्यापुरती जमिनीतून एक वायर आली आहे. ती वायर पांढऱ्या डब्यात शिरते, डब्यातून संगणकात जाते आणि तिथेच संपते. संगणकाला सगळी दुनिया दिसते, पण समोर बसलेल्या माणसाच्या मोबाईलला कवडीची रेंज नाही. आणि आजकाल सरकारचं कोणतंही काम काढा, ओटीपी मोबाईलवरच येणार. रेंज मिळते ती तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली.

म्हणून गावानं आपली एक रीत पाडली होती. सुकरीबाई शेळ्या घेऊन रोज पाळीवर असायचीच. बाया आपापले मोबाईल तिच्या झोळीत टाकायच्या आणि येऊन रिनासमोर बसायच्या. रिना इकडे बटण दाबायची, तिकडे झोळीत टुंग वाजायचं आणि सुकरीबाई आकडे ओरडायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण आकडे तिला रिनानं शिकवले होते. कोणाचा मोबाईल कोणता, ते ती कव्हराच्या रंगावरून ओळखायची. आवाज असा की लग्नातले वाजंत्री लाजतील. बदल्यात कोणी तिला सुपारी द्यायचं, कोणी खर्रा. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. नळावर पाण्याला जातात तसं पाळीवर ओटीपीला जायचं.

मोहाखाली तिची एक चप्पल होती आणि विळा होता. मुरमावर रक्त होतं, आणि ओढत नेल्याचा पट्टा पाळ उतरून खालच्या रायमुनियाच्या झुडपात शिरला होता. मी बोंब मारली. माणसं जमली, काठ्या घेऊन, टिनाचे डबे घेऊन. तिचा नवरा मंगरूभाऊ वावरातून कुऱ्हाड घेऊन आला. रायमुनिया असा माजला होता की हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. हल्ली पाळीकडे फिरणारी वाघीण आत होती, तिचा वास येत होता. पण नेमकी कुठे, ते कळेना. चुकीच्या जागी शिरलो तर थेट तिच्या तोंडात.

"सुकरे," मंगरूभाऊ हाका मारत होता. "सुकरे, बोल ना वं."

आणि डाव्या अंगाला आत कुठेतरी टुंग वाजलं.

सगळे थबकले. थोड्या वेळानं परत वाजलं, या वेळी वेगळ्या सुरात. मग तिसरं. झोळी तिच्या गळ्यात होती आणि झोळीतले मोबाईल वाजत होते. रिनाला हे घरी बसल्या बसल्या सुचलं होतं. अंगणात रडणाऱ्या बायांना ती दरडावून आधार नंबर विचारत होती आणि एकेका नंबरावर ओटीपी पाठवत होती. एकाच नंबरावर पाठवत राहिलं की सरकारी यंत्र थांबतं, म्हणून हिचा झाला की तिचा, तिचा झाला की पुन्हा हिचा. रेंज पाळीच्या खाली थोडीशी उतरत असेल, तेवढ्यावर निभावलं.

त्या आवाजाच्या रोखानं आम्ही झुडूप तोडत शिरलो. वाघीण सुकरीबाईच्या अंगावर बसून होती. आम्हाला पाहून उठली नाही, फक्त कान मागे टाकले. मी पाना डब्यावर बडवायला लागलो, मागचे ओरडायला लागले, आणि ती आली. कशी आली ते मला आजही सांगता येणार नाही. रामाजी माझ्या शेजारी उभा होता, तो पुढच्या क्षणी खाली होता आणि त्याची मांडी फाटक्या पोत्यासारखी उघडी पडली होती. मंगरूभाऊनं कुऱ्हाड फेकली, ती तिच्या पुठ्ठ्याला लागली की नाही कोण जाणे. ती गुरगुरत दहा पावलं मागे सरकली आणि झुडपात बसली. गेली नाही. तिच्या नजरेसमोर आम्ही सुकरीबाईला उचललं. मान अर्धी तुटली होती. एक हात नव्हताच. झोळी मात्र शाबूत होती आणि सारखी वाजत होती.

मंगरूभाऊनं झोळी काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

पाळीवर आलो तेवढ्यात आदेश पोहोचला. आदेश म्हणजे आमच्या बीटचा वनरक्षक, नागभीडकडचा, लग्न व्हायचं राहिलेला. गावात फिरून फिरून त्यानंच सांगितलं होतं की बाप्पा हो, वाघीण पाळीकडे येऊन राह्यली, एकटं जाऊ नका. त्यानं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं, पहिली काठी त्या हेल्मेटवरच बसली. मग कोणीतरी हेल्मेट ओढून काढलं. मारणाऱ्यांत ज्यांच्या घरी तो चहा प्यायचा तेही होते. "तुमचा वाघ, तुमचा वाघ," म्हणत मारत होते. तो हात जोडत होता, आणि जोडलेल्या हातांवर काठी बसून त्याचं मनगट मोडलं. तो आवाज मी ऐकला. मी दोघांना लाथा घातल्या, एकाच्या पाठीत पाना घातला आणि पोराला ओढून बाहेर काढलं. त्याला आणि रामाजीला ट्रॅक्टरमध्ये टाकून चंद्रपूरला पाठवलं. वळून पाहतो तर सुकरीबाई दुपट्ट्याखाली होती, आणि मंगरूभाऊ तिथे नव्हता.

कोणीतरी म्हणालं, तो झोळी घेऊन रिनाकडे गेला. मी घराकडे पळालो.

पुढचं मला नीलाबाईनं सांगितलं, कारण मी पोहोचलो तेव्हा अर्धं होऊन गेलं होतं. मंगरूभाऊ आत आला, कमरेपर्यंत रक्त, हातात कुऱ्हाड. रिना संगणकापाशीच होती. सुकरीबाई सापडल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, ती अजून बटण दाबत होती, आणि पाळीवर सारखी वाजणारी झोळी इथे रेंज नसल्यानं त्याच्या छातीवर गप्प होती.

"हे तू वाजवून राह्यली होती काय?" त्यानं विचारलं.

"हाव भाऊ. सापडली का सुकरीबाई?"

कुऱ्हाड कीबोर्डवर पडली. रिनाचा डावा हात तिथेच होता.

मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा दुसरा घाव संगणकाच्या पडद्यावर पडत होता. करंगळी गेली होती, तिच्या शेजारचं बोट अर्धं होतं. रिना ओरडत नव्हती, उजव्या हातानं डावा हात धरून पाहत होती, जणू दुसऱ्याच कोणाचा हात. मी मंगरूभाऊच्या खांद्यावर पाना घातला, तो गुडघ्यावर आला, आणि पुढचा मी त्याच्या टाळूवर घालणार होतो. नीलाबाई माझ्या हाताला लोंबकळली. म्हातारी लोंबकळली म्हणून तो वाचला आणि मीही वाचलो. हे लपवण्यासारखं नाही. ज्याला आपल्या बायकोचं बोट जमिनीवर पडलेलं पाहावं लागलं नाही, त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

"तुह्या आकड्यायनं खाल्ली माही बायको," मंगरूभाऊ जमिनीवरून म्हणाला. "तुह्या दारात मी थुकायलेबी येनार नाई. मेलो तरी नाई."

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोलिसानं विचारलं, हात कसा कापला. रिना म्हणाली, वैरण कापायच्या अडकित्त्यात सापडला.  पोलीस गेल्यावर माझं डोकं फिरलं.

"येडी झाली काय तू? त्याले आत टाकाचा सोडून खोटं बोलून राह्यली?"

"त्याची बायको गेली," ती म्हणाली. "अन् तुमी त्याले जेलात टाकता?"

"अन् तुहं बोट?"

"बोट माहं होतं ना? मी पाहीन."

 आमच्या घरात भांडणात मी आवाज चढवतो आणि शेवटचा शब्द तिचा असतो, हे नेहमीचंच.

सुकरीबाईचे दिवस झाल्यावर गावानं पाळीवर वाघदेव बसवला. आमच्याकडे ज्या जागी वाघ माणूस मारतो तिथे दगड मांडतात, शेंदूर लावतात, कोंबडा कापतात, लाल झेंडी उभी करतात. आम्ही बौद्ध, आम्ही ते मानत नाही, पण सुकरीबाईसाठी मीही जाऊन उभा राहिलो. इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा त्यानंतर झाला. देवाला कोंबडा दिला, आता देव राखण करतो, आता पाळीवर भीती नाही, असं म्हणून लोक पुन्हा तिथेच मोबाईल घेऊन उभे राहायला लागले. आधी एकटी सुकरीबाई असायची, आता दर्शनाचं निमित्त करून बाया, म्हातारे, सगळेच. वनखात्यानं पिंजरा लावला, आत शेळी बांधली, तिला वाघीण शिवलीसुद्धा नाही. तिचे पंजे मात्र मी पाळीखालच्या चिखलात दर दोन दिवसांनी पाहत होतो.

"वायर आपल्या घरी आहे," रिना एका दुपारी म्हणाली. हाताला अजून पट्टी होती. "निस्ती हवा नाई. हवा लावली तं पाळीवर कोनाले जा लागते?"

"हवा कायची?"

"वायफाय. मोबाईलमंधी वायफाय कॉलिंग म्हनून रायते. ते लावलं का टावर नसला तरी फोन येते, ओटीपीबी येते."

नवा डबा घ्यायची ऐपत नव्हती अशातला भाग नाही, पण फुटक्या पडद्याच्या जागी नुकताच जुना टीव्ही जोडला होता आणि घरात ओढाताण होती. मी ज्या रिसॉर्टचे पाहुणे नेतो त्यांनी आपले जुने वायफायचे डबे काढून भंगारात टाकले होते. दोन कानांचा एक उचलून आणला. एक कान मोडका होता. रिनानं त्या टीव्हीवरच कोणाकोणाचे व्हिडिओ पाहिले. ती सांगायची आणि मी करायचो, कारण हात माझेच धड होते. पहिल्यांदा वायर निळ्या भोकात घातली, काहीच झालं नाही. मग पिवळ्या भोकात घातली तर संगणकाचंही नेट बसलं. मी डबा अंगणात भिरकावणार होतो.

"थांबा," रिना म्हणाली. "दोघंबी पत्ते वाटून राह्यले. येका घरात दोन सासवा झाल्या. कोनाचं आयकाचं ते संगनकाले समजून नाई राह्यलं."

तिनं जुन्या डब्याच्या आत शिरून त्याचं पत्ते वाटणं बंद केलं, म्हणजे त्या सासूला देवघरात बसवलं, निस्ती हवा फेक म्हणून सांगितलं. मग चाललं. लाइट जाते म्हणून जिप्सीची जुनी बॅटरी दोन्ही डब्यांना जोडून दिली. नीलाबाईच्या मोबाईलवर अंगणात बसल्या बसल्या तिच्या पोरीचा फोन आला तेव्हा म्हातारीनं घाबरून तो पदरात गुंडाळला.

फुकट मिळालं की देवही मागे पडतो. पंधरा दिवसांत पाळ रिकामी झाली. सगळं गाव आमच्या अंगणात, तंबाखूच्या पिचकाऱ्या आमच्या भिंतीवर. एकटा मंगरूभाऊ तेवढा पाळीवर राहिला.

त्याचा पोरगा हेमराज तेलंगणात बिल्डिंगच्या कामावर असतो. दिवसकर्माला आला होता, तेव्हा आमच्या दारासमोर उभा राहून रिनाला नको नको ते बोलून गेला. बापाला त्यानं बजावलं होतं, त्या घराची पायरी चढलास तर माझ्याशी बोलू नको. रोज संध्याकाळी तो बापाला फोन करायचा. आणि बाप रोज संध्याकाळी वाघदेवाच्या दगडाला टेकून, मांडीवर कुऱ्हाड ठेवून, पाळीवर बसायचा.

"खाऊ दे तिले त्याले," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

रिनानं माझं काही ऐकलं नाही. तिनं डबा पुढच्या खोलीतून काढायला लावला आणि मागच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. मागे बोळ आहे. बोळ गावाचा आहे, आमचा नाही. तिथे बसलं तर आमच्या दारात आल्यासारखं होत नाही. तिनं नीलाबाईकडून निरोप धाडला, भाऊले म्हना बोळात बस, भिंतीबाहेर रेंज येते, आत कोनी बोलावत नाई. त्या सगळ्यात आमच्या पुढच्या खोलीची रेंज गेली, अंगणातल्या लोकांची बोंब झाली, सगळे उठून गोठ्याच्या बाजूला सरकले. आणि मंगरूभाऊनं निरोप ऐकून नीलाबाईच्या पायापाशी थुंकलं.

त्या दिवशी मी संध्याकाळची फेरी संपवून परत येत होतो. ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. पाळीच्या खालच्या रस्त्यावरून मला आधी लाल झेंडी दिसली, मग मंगरूभाऊची पाठ, आणि मग त्याच्या मागे, गवतात, हनुवटी जमिनीला लावून बसलेली वाघीण. ती त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. तो मोबाईल तोंडासमोर धरून पोराशी बोलत होता.

मी जिप्सी पाळीवर चढवली. हॉर्न दाबून धरला. जिप्सीला बाजू देणारे वाघ मी शेकड्यांनी पाहिलेत. ही हलली नाही.

"भाऊ, ऊठ. मांगं आहे ते."

"मले मालूम आहे," तो मागे न पाहता म्हणाला. "तिच्याचसाठी बसून राह्यलो. येऊ दे."

मग मला कळलं की हा रेंजसाठी बसतच नव्हता. कुऱ्हाडीवरची त्याची मूठ पांढरी पडली होती. मी उतरलो. उतरायला नको होतं, हे कोणताही जिप्सीवाला सांगेल. त्याची कॉलर धरून ओढलं तर त्यानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगडीत घातला. श्वास गेला माझा. मग मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दुसरा मारला, दातावर बसला तेव्हा माझ्याच बोटाचं कातडं फाटलं. बायको मेलेल्या माणसाला मी मारत होतो, आणि मारता मारता माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, रागानं की कशानं ते मी ठरवत बसलो नाही. तो खाली पडला तशी मी त्याची कुऱ्हाड तलावात फेकली आणि त्याला पायांना धरून ओढला. त्याचं डोकं मुरमावर आपटत होतं. जिप्सीत कोंबला. वाघीण उठली होती. आम्ही मागे सरकलो आणि ती आमच्या जागेवर येऊन उभी राहिली. त्याचा दुपट्टा तिच्या पायाखाली होता. तिनं तो हुंगला, आणि मग आमच्याकडे पाहिलं.

मी त्याला सरळ बोळात आणून आमच्या भिंतीला टेकवून बसवला.

"इथी बस. आत ये म्हनत नाई तुले कोनी. पन पाळीवर परत दिसला तं मी सोता तुले मारीन, तिची वाट पाहणार नाई."

तो तोंडातलं रक्त धोतराला पुसत होता. मोबाईल अजून मुठीत होता, मी त्याची बोटं उलगडून तो काढून घेतला, वायफायला जोडला, कॉलिंगचं बटण चालू केलं आणि परत त्याच्या हातात ठेवला.  मी वळलो तोच मोबाईल वाजला.

मी घरात गेलो. स्वयंपाकघर त्या भिंतीला लागूनच आहे. रिना गॅसपाशी उभी होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. मंगरूभाऊ मोबाईल स्पीकरवरच ठेवतो, दुसरं काही त्याला येत नाही. त्यामुळे हेमराजचा शब्द न् शब्द भिंतीच्या अलीकडे येत होता.

"बाबा, फोन काऊन कटला? काय झालं?"

"पडलो. काई नाई झालं. दात हालून राह्यला थोडासा."

"तुहा आवाज तं साफ येऊन राह्यला आज. कुठी आहेस?"

भिंतीपलीकडे मंगरूभाऊ नुसता खाकरला.

"त्या रांडेच्या घरी तं नाई गेला?" हेमराज म्हणाला. मग त्यानं रिनाला आणखी काय काय म्हटलं, ते मी लिहीत नाही. आमच्या डब्यातून, आमच्या बॅटरीवर, आमच्या भिंतीतून आरपार येऊन ते आमच्याच स्वयंपाकघरात पडत होतं. मी दाराकडे निघालो. रिनानं माझं मनगट धरलं, डाव्या हातानं. तिचे दोन बोटांचे खुंट माझ्या कातड्याला टोचले.

"पाळीवरच आहो," मंगरूभाऊ म्हणाला. "कुठी जाईन मी? तुह्या आईपाशीच बसून राह्यलो."

रिनाचं लक्ष गॅसकडे गेलं. वरणाचा कुकर चढवलेला होता, शिटीचा नळ थरथरायला लागला होता. तिनं माझं मनगट सोडलं, पटकन गॅस बंद केला आणि शिटीवर ओलं फडकं दाबून धरलं. वाफ तिच्या हाताला लागत असणार. ती हलली नाही.

"मंग ठीक आहे," हेमराज तिकडून म्हणाला. "आईले सांग, दिवाळीले येतो."

"सांगतो."

आता रोज संध्याकाळी मंगरूभाऊ बोळात येऊन बसतो. आम्ही त्याच्याशी बोलत नाही, तो आमच्याशी बोलत नाही. त्याचा फोन वाजला की रिना गॅस बंद करते, टीव्हीचा आवाज बंद करते, अंगणातल्या बायांना बोटानं गप्प करते. मी आलो असेन तर जिप्सी वेशीपाशीच थांबवतो. तो पोराला पाळीवरचं सांगतो. आज तलावात पाणी किती आहे, दगडाला कोणी फूल वाहिलं, मोहाला पालवी फुटली का. सगळं खोटं, पण नीट सांगतो. आम्ही ऐकत उभे राहतो. त्याचं बोलणं संपून काठीचा आवाज बोळातून दूर गेला की मग आमचं वरण शिजतं.